उंदीरकानांचा वाफा: छोट्या अंगणात होस्टा जमवताना

आई पहिल्यांदा न्यू जर्सीला आली तेव्हा मागचं दार उघडून म्हणाली, "अगं, एवढं अळू लावलंयस आणि वड्या एकदाही नाहीत?" तिची चूक नव्हती. रुंद, शिरांची, देठावर तोललेली पानं. सावलीतली ओलसर जागा. लांबून बघणाऱ्याला ते अळूच वाटणार. मी तिला होस्टा म्हणजे काय ते सांगितलं. मूळ जपान, कोरिया, चीनकडचा. ऑस्ट्रियातल्या निकोलस होस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून १८१२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. अळूशी नातं शून्य. आजच्या वर्गीकरणात तो शतावरीच्या कुळात बसतो, म्हणजे निशिगंध, घायपात आणि शास्त्रीय नावात बोरिवली मिरवणारी सफेद मुसळी हे त्याचे भाऊबंद. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खात नाहीत?" तर खातातही. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' नावाने भाजी म्हणून मिळतात. मी मात्र नर्सरीतून आणलेल्या, काय काय फवारलेल्या रोपाच्या वड्या करणार नाही. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर ध्यानात ठेवा, त्यांना होस्टा बाधतो.

हा लेख ज्यांच्याकडे थंडीच्या प्रदेशात घर आहे, मागे थोडी सावलीची पट्टी आहे आणि ज्यांनी दुकानात पहिला होस्टा नुकताच हातात घेतला आहे, त्यांच्यासाठी. पुण्या-मुंबईच्या वाचकांची आधीच माफी मागते. होस्टाला हिवाळ्यात झोप लागते. निदान सहा आठवडे पारा ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिला पाहिजे, तर वसंतात जोमाने कोंब येतात. ती थंडी मिळाली नाही तर झाड वर्षागणिक आक्रसत जातं. तेव्हा जाताना बॅगेतून रोप नेऊ नका. विमानतळावरचे नियम वेगळेच, पण रोपाचेही हाल होतात.

आधी विषय ठरवा, मग रोप

होस्टाच्या नाव दिलेल्या जाती हजारोंनी आहेत. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या काठाच्या, पिवळ्या पोटाच्या, लाल देठाच्या. चहाच्या बशीत मावतील अशा आणि कमरेपर्यंत येतील अशा. माझ्याकडे बारा फूट बाय पाच फुटांचा एक वाफा आहे. पहिल्या दोन वर्षांत मी दिसेल ते उचललं आणि वाफ्याची अवस्था साडीच्या सेलमधल्या टेबलासारखी झाली. प्रत्येक रोप एकेकटं सुंदर, एकत्र नुसता गोंधळ.

विषय मिळाला तो खड्ड्यात. आमच्या भागात मातीखाली लाल शेल, म्हणजे थराथरांचा मऊ खडक आहे. फावडं मारलं की लालसर चपटे दगड निघतात. त्यातला एक नारळाएवढा दगड धुतला तर एका बाजूला फुगीर पोट आणि एक वळलेला उंचवटा. नवरा म्हणाला, "स्वयंभू निघाला की गं!" शेंदूर लावायचीही गरज नव्हती, दगडच शेंदरी. तो वाफ्याच्या मध्यावर ठेवला आणि त्याच आठवड्यात नर्सरीत 'ब्लू माउस इअर्स' नावाचं रोप दिसलं. माउस इअर्स, उंदराचे कान. गणपतीपुढे उंदीर. झालं, विषय ठरला.

तुमचा विषय वेगळा असेल. खाण्याच्या नावांचा वाफा करता येतो: 'ग्वाकामोले', 'कर्ली फ्राइज', 'फ्राइड बनानाज' ही सगळी खरी नावं आहेत. फक्त निळ्या पानांचा, फक्त सुगंधी फुलांचा किंवा फक्त सहा-सात इंचांच्या बुटक्यांचाही करता येतो. अमेरिकेतले होस्टा उत्पादक दरवर्षी एक 'वर्षाचा होस्टा' निवडतात, त्या यादीतूनच जमवणारेही आहेत. नवख्याला ती यादी बरी, कारण त्यात बहुतेक सोपी आणि सहज मिळणारी रोपं असतात. विषय कोणता हे महत्त्वाचं नाही. दुकानात हात पुढे गेला की 'हे आपल्या वाफ्यात कोण म्हणून बसणार?' असा प्रश्न पडला पाहिजे. माझ्याकडे पिवळाधमक, प्रचंड 'सम अँड सब्स्टन्स' नाही. आवडत नाही म्हणून नव्हे. गणपतीच्या दरबारात त्याला काम नाही.

ऊन घड्याळ लावून बघा

होस्टाला सावली आवडते असं सगळे सांगतात. खरं म्हणजे तो सावली सहन करतो. गडद अंधारात जगतो, पण वाढत नाही. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली, ही उत्तम जागा. म्हणजे घराची पूर्व बाजू, किंवा झाडाखालची झिरपती उन्हं.

एप्रिलमध्ये ऊन बघून निर्णय घेऊ नका. तेव्हा मेपलला पानं नसतात, सगळं अंगण लख्ख असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता वाफ्याचा फोटो काढा. चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळतं. माझ्या वाफ्यात डावीकडच्या तीन फुटांत दुपारी दीडपर्यंत ऊन असतं आणि उजवा कोपरा साडेदहालाच सावलीत जातो. बारा फुटांत दोन हवामानं. त्यावरूनच कोण कुठे बसेल ते ठरलं.

रंगाचाही हिशोब आहे. निळा होस्टा मुळात निळा नसतोच. हिरव्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्याने तो निळसर दिसतो. नाशिकच्या द्राक्षांवर पांढुरकी साय असते ना, बोट फिरवलं की पुसली जाणारी, तसंच. कडक ऊन, जोराचं पाणी, पानं पुसण्याची हौस आणि साबणाचे फवारे या चारही गोष्टींनी ती जाते. ऑगस्टपर्यंत निळे होस्टे थोडे हिरवट होणारच, ते बिघडलं नाही. निळ्यांना सावली जास्त द्या, पिवळ्यांना आणि सुगंधी फुलांच्यांना ऊन जास्त.

माझी यादी, आणि ती कशी जमली

मागची रांग आधी ठरवा. छोट्या वाफ्यात नवखे लोक इथेच चुकतात, मीही चुकले. हत्ती हवा म्हणून 'एम्प्रेस वू' आणला. डब्यात तो तळहाताएवढा होता. पूर्ण वाढला की चार फूट उंच आणि त्याहून बराच रुंद होतो, म्हणजे अर्धा वाफा त्याचाच. लेबलवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मोठं अंगण असलेल्या मैत्रिणीला दिला. होस्टाच्या लेबलवरचा रुंदीचा आकडा वाचा आणि त्यावर विश्वास ठेवा. तो खरा व्हायला पाच-सात वर्षं लागतात, पण होतो.

आता हत्ती म्हणून 'सिबोल्डियाना एलिगन्स' आहे. निळसर राखाडी, जाड, सुरकुतलेलं पान. हत्तीच्या कातड्याची आठवण येते. उजव्या, सावलीच्या कोपऱ्यात चार फूट त्याला सोडले आहेत. त्याच्याशेजारी 'अबिक्वा ड्रिंकिंग गोर्ड'. त्याची पानं वाटीसारखी खोलगट असतात आणि पावसानंतर त्यात खरंच पाणी साठतं. आमच्याकडे ती तीर्थाची वाटी. हा थेट झाडाखाली लावू नका, मेपलच्या बिया आणि पाकळ्या त्या वाट्यांत पडून कुजतात आणि रोज सकाळी वाट्या साफ करणं हे एक काम होऊन बसतं.

डावीकडे, उन्हाच्या बाजूला 'प्लॅन्टॅजिनिया'. ही चीनकडची मूळ जात, इतरांपेक्षा उन्हाळा जास्त सोसणारी. पान साधं, चकचकीत पोपटी. पण फुलं मोठी, पांढरीशुभ्र, आणि संध्याकाळी उमलतात. आमच्याकडे ती ऑगस्टच्या मध्यापासून येतात, म्हणजे बऱ्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत. वास निशिगंधाइतका दाट नाही, थोडा हलका. पण कुळ एकच म्हटल्यावर मला तो ओळखीचा वाटतो. सुगंधी होस्टा बहुतेक सगळे हिच्याच वंशातले: 'फ्रेग्रंट बुके', त्यातून निघालेला 'ग्वाकामोले', त्यातून निघालेला 'स्टेन्ड ग्लास'.

मधे, दगडाच्या मागे एकच 'प्रेइंग हँड्स'. ह्याची पानं अरुंद, उभी आणि मिटलेली, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी. बाकीचे होस्टे पसरतात, हा उभा राहतो, त्यामुळे फूट-दीड फुटाच्या जागेत मावतो. रोपट्याच्या वयात मात्र हात जोडलेले दिसत नाहीत. दोन वर्षं नुसतीच वेडीवाकडी पानं होती.

आणि पुढे उंदीर. 'ब्लू माउस इअर्स' २००८ चा 'वर्षाचा होस्टा'. सहा-आठ इंच उंच, गोल, जाड, रबरी पानं. त्याचे पोटभेद ढिगाने निघाले आहेत. निळे तीन लावले, मग मलईच्या पोटाचा 'होली माउस इअर्स', मलईच्या काठाचा 'मायटी माउस', लहरी पानांचा 'चर्च माउस' आणि अंगाने जरा मोठा 'फ्रॉस्टेड माउस इअर्स'. 'माउस ट्रॅप' दोनदा आणला आणि दोनदा मेला. पानाच्या मध्यात पांढरा रंग जितका जास्त, तितकं पान अन्न कमी तयार करतं आणि झाड तितकं नाजूक. पहिल्या तीन वर्षांत पांढऱ्या पोटाची रोपं घेऊ नका.

एकूण अकरा. दूर्वा म्हणून 'हाकोनक्लोआ' नावाचं जपानी गवत दोन ठिकाणी आहे, कारण खऱ्या दूर्वा सावलीत येत नाहीत.

विकत घेताना

एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर, हे दोन हंगाम. टपालाने येणारी उघड्या मुळांची रोपं स्वस्त पडतात. आल्या आल्या तासभर साध्या पाण्यात मुळं भिजवा आणि त्याच दिवशी लावा. डब्यातलं रोप घेताना वरची पानं कमी बघा, कोंब मोजा. एकाच कोंबाच्या मोठ्या रोपापेक्षा तीन कोंबांचं छोटं रोप कधीही चांगलं. नव्याने बाजारात आलेली जात पहिली दोन-तीन वर्षं महाग असते. प्रयोगशाळेत तिची भराभर पैदास झाली की किंमत निम्म्यावर येते. थांबा.

आता एक धोका, आणि तो मी पैसे देऊन घरी आणला होता. एका मोठ्या दुकानात हंगामअखेरीच्या सेलमध्ये एक होस्टा दिसला. फिकट पिवळं पान आणि शिरांच्या कडेने गडद हिरवा रंग पसरलेला, टीपकागदावर शाई फुटावी तसा. मला वाटलं काय नक्षी आहे! चार डॉलरला आणला. तो होस्टा व्हायरस एक्स होता. हा विषाणू १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेला, आणि त्याआधी अशा आजारी झाडांना लोकांनी नवी जात समजून नावंही दिली होती. 'ब्रेकडान्स' आणि 'लेपर्ड फ्रॉग' ही त्यातलीच. तेव्हा फसणारी मी एकटी नाही.

त्यावर औषध नाही. तो झाडाच्या रसातून पसरतो: कात्री, सुरी, खुरपं, हात. कीटकांवर संशय घेऊ नका, बहुतेक वेळा आपणच पसरवतो. नवं रोप आणलं की पहिलं वर्ष वेगळ्या कुंडीत ठेवा, कारण लागण झालेलं झाड बराच काळ निरोगीही दिसू शकतं. एका झाडाची पानं कापून दुसऱ्याकडे जाताना पातं आधी पुसा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवा. आजारी निघालं तर मुळांसकट पिशवीत बांधून कचऱ्यात. खताच्या ढिगात नाही. जमिनीत राहिलेली मुळं पूर्ण मरेपर्यंत तिथे दुसरा होस्टा लावू नका. मी त्या जागी दोन वर्षं नेचे लावले.

लावणी

होस्टाची मुळं खाली कमी आणि आडवी जास्त जातात. म्हणून खड्डा खोल नको, रुंद हवा. खोली फूटभर पुरे. आमच्यासारखी लाल चिकणमाती असेल तर एकेका रोपासाठी सुटा खड्डा करून त्यात बाजारची मऊ माती भरू नका. तो खड्डा घमेल्यासारखा पाणी धरून ठेवतो आणि गड्डा, म्हणजे मुळं आणि कोंब जुळतात तो भाग, कुजतो. पूर्ण वाफाच फूटभर खणा, वर दोन-तीन इंच कुजलेल्या पानांचं खत पसरा आणि मिसळा. मला त्याला दोन शनिवार लागले. कंबर आठवडाभर बोलत होती.

रोप डब्यातून काढलं की मुळांभोवतीचा सालीचा भुसा झटकून टाका. हे बरेच जण करत नाहीत. तो भुसा आणि तुमची माती वेगवेगळ्या वेगाने सुकतात. बाहेरची माती ओली असते आणि आतला भुसा कोरडा ठणठणीत, आणि मुळं त्याच्या बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. खड्ड्याच्या मध्यात मातीची छोटी टेकडी करा, तिच्यावर रोप बसवा आणि मुळं चारी बाजूंनी खाली सोडा. गड्डा जमिनीच्या पातळीला आला पाहिजे. दोन इंच खाली गेला तर कुजेल, वर राहिला तर थंडीने उचलला जाईल. माती टाका, हाताने दाबा, पायाने नव्हे. भरपूर पाणी.

उंदरांमध्ये सव्वा फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी वाफा रिकामा दिसेल आणि तुम्हाला अजून चार रोपं आणावीशी वाटतील. आणू नका, मोकळ्या जागेत त्या वर्षापुरते रंगीत इम्पेशन्स लावा.

झाडाभोवती कुजका पालापाचोळा किंवा सालीचं आच्छादन एक-दोन इंच पुरे, आणि गड्ड्यापासून चार बोटं दूर.

पाणी आणि खत

आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस धरून. इंच कसा मोजायचा? मी श्रीखंडाचा रिकामा डबा वाफ्यात ठेवते आणि त्यावर आतून इंचाची खूण केली आहे. पावसाने खुणेपर्यंत भरला तर त्या आठवड्यात पाइपाला हात लावायचा नाही. पाणी सकाळी, मुळाशी. पानांवर संध्याकाळी फवारा मारणं म्हणजे गोगलगाईंना आवतण.

खताचं फार मनावर घेऊ नका. कोंब उलगडताना एकदा १०-१०-१० सारखं (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) सौम्य खत मूठभर, जुलैच्या मध्यानंतर काही नाही. उशिरा खत दिलं की कोवळी पालवी येते आणि ती थंडीत सापडते.

एप्रिलच्या शेवटी कधीतरी एक दगाबाज रात्र येते. कोंब वर आलेले, पानं अर्धी उलगडलेली, आणि पहाटे दव गोठतं. अशा संध्याकाळी वाफ्यावर जुनी सोलापुरी चादर पसरते, सकाळी नऊला काढते. प्लास्टिक नको, पानाला चिकटतं आणि तिथेच पान काळं पडतं.

चोर

हरणं. उपनगरात राहत असाल तर होस्टा म्हणजे त्यांचं पंचपक्वान्न. एका रात्रीत नुसते देठ शिल्लक राहतात, झाडूच्या काड्यांसारखे. कुंपण हाच खरा इलाज. ते जमत नसेल तर अंडं-लसणाच्या वासाचे तयार फवारे मिळतात. पानं उलगडताना सुरुवात करा, दर दोन-तीन आठवड्यांनी आणि जोराच्या पावसानंतर पुन्हा. झाड सहसा मरत नाही, पण त्या वर्षीची शोभा गेली.

स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगाई, पानाला भोकं पाडतात. कोंब बोटभर असतानाच लोह फॉस्फेटच्या गोळ्या विरळ टाका. जूनमध्ये भोकं दिसल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, तोवर त्यांची पुढची पिढी कामाला लागलेली असते. जाड पानाचे होस्टे त्यांना कमी आवडतात. माझे उंदीर आणि हत्ती जवळजवळ अखंड असतात, 'प्लॅन्टॅजिनिया'ची मात्र चाळणी होते.

ऑगस्टच्या दमट उकाड्यात एखादं झाड अचानक लोळलं तर देठांच्या बुडाशी बघा. पांढरे धागे आणि मोहरीएवढे तांबूस दाणे दिसले तर ती बुरशी आहे, भुईमुगाची खोडं कुजवते तीच. झाड आणि भोवतीची माती उचलून टाका. त्याच सुमारास शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे आले तर ते सूत्रकृमी. ते ओल्या पानांवरून पसरतात. त्यालाही मी झाड टाकूनच देते.

आणि आता सर्वांत मोठा चोर. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एक 'ब्लू माउस इअर्स' वर येईना. शेजारच्या दोघांना कोंब, याला काहीच नाही. बोटाने माती उकरली तर गड्डा टोपीसारखा अलगद हातात आला. खाली एकही मूळ नाही. सगळी कुरतडून नेलेली, आणि शेजारी अंगठ्याएवढं बीळ. व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर असतो, तो हिवाळाभर बर्फाखाली बसून मुळं खातो. उंदराने उंदराचेच कान खाल्ले, आणि तेही गणपतीच्या समोर! नवरा म्हणाला, "वाहन आहे, त्याला कोण बोलणार."

बोलावं लागलं. आता प्रत्येक उंदीर पाव इंची छिद्रांच्या जस्ती जाळीच्या टोपलीत आहे. जाळी कात्रीने कापून स्वतः वळता येते, हातमोजे घाला. टोपलीचा काठ जमिनीच्या अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर ते वरून येतात. हिवाळ्यात आच्छादनाचा जाड थर घालू नका. तो त्यांच्यासाठी गादी-पांघरूण. कुरतडलेला गड्डा मात्र फेकू नका. मी तो ओल्या मातीच्या छोट्या कुंडीत खोचून सावलीत ठेवला आणि जूनमध्ये त्याला दोन पानं फुटली.

जागा नसेल तर कुंडी

झाडाच्या मुळांनी जमीन भरून गेली असेल, विशेषतः मेपलच्या, तर जमिनीशी भांडू नका. बुटके होस्टे उथळ पसरट कुंडीत छान राहतात. खाली भोक हवंच. साध्या कुंडीमातीत एक तृतीयांश बारीक साल किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) मिसळा. उन्हाळ्यात रोज बोट घालून ओल बघा. थंडीत धोका गारठ्याचा कमी आणि ओलीचा जास्त. पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि गड्डा कुजतो. पानं झडली की कुंड्या बिनहीटरच्या गॅरेजमध्ये, जवळजवळ कोरड्या ठेवा.

एकाचे दोन

जमवणाऱ्यांची खरी देवघेव इथे होते. मधल्या आणि मोठ्या आकाराचं झाड चार-पाच वर्षांचं झालं की ऑगस्टच्या अखेरीस किंवा वसंतात कोंब दोन इंचांचे असताना खणून काढा, माती धुवा, आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब व मुळं येतील असं सुरीने कापा. सुरीचं ब्लीच आठवतंय ना? बुटक्यांना घाई करू नका, त्यांना पुन्हा सावरायला दोन वर्षं जातात. 'एलिगन्स'ला मी हात लावत नाही. तो संथ आहे, आणि वयानेच देखणा होतो.

दुरंगी झाडात कधी एखादा कोंब नुसता हिरवा किंवा नुसता निळा निघतो. झाड मूळ रूपाकडे परततं. तो कोंब लगेच मुळासकट काढा, कारण एकरंगी कोंब जोरकस असतो आणि तीन वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकतो. माझ्या 'मायटी माउस'मधून असा एक निळा कोंब काढून वेगळा लावला. आता उंदीर आठ आहेत. उलटंही होतं. साध्या झाडात अचानक नक्षीदार कोंब येतो, त्याला स्पोर्ट म्हणतात. 'ब्लू माउस इअर्स' हाही असाच 'ब्लू कॅडेट' नावाच्या जातीतून निघालेला. म्हणून वसंतात प्रत्येक कोंब वाकून बघायची सवय लागते, आणि शेजारी विचारतात काय हरवलं म्हणून.

हिवाळ्याआधी

पहिल्या कडक थंडीने पानं पिवळी पडून लोळतात. ती कापून उचला, कुजू देऊ नका, कारण गोगलगाईंची अंडी आणि सूत्रकृमी त्यातच राहतात. मग वाफ्याचा नकाशा काढा. दुकानाची प्लास्टिकची लेबलं दोन हिवाळ्यांत तुटतात आणि शाई उडते. मी जस्ताच्या पट्टीवर शिसपेन्सिलने लिहिते, ते टिकतं. शिवाय एका वहीत कागदावर रांगा काढून नाव, कुठून घेतला आणि साल. आई आली होती त्या वर्षीच्या पानावर तिने तिच्या अक्षरात 'अळू' लिहून ठेवलंय.

दगड गॅरेजमध्ये आणा. लाल शेल मऊ असतो, पाणी आत शिरून गोठलं की पापुद्रे सुटतात. आमच्या स्वयंभूची सोंड पहिल्याच हिवाळ्यात थोडी झिजली.

त्यानंतर एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाफ्यात काहीही दिसणार नाही, नुसती माती आणि जाळीचे काठ. मार्चमध्ये एखाद्या उबदार दुपारी खुरपं घेऊन 'जिवंत आहे का बघू' म्हणून जाल. जाऊ नका. मी गेले होते, आणि 'होली माउस इअर्स'चे तीनपैकी दोन कोंब खुरप्याने उडवले.